बाडर ॲस्ट्रोसोलर फिल्म, ओडी ५: सौरडागांसाठी पहिली निवड, सौरज्वालांसाठी नव्हे

दुर्बिणीतून सौरडाग, म्हणजे सूर्यावरचे काळे डाग, पाहायचे असतील तर बाडर प्लॅनेटारियमची ॲस्ट्रोसोलर सेफ्टी फिल्म, म्हणजे ओडी ५.० घनतेची (ओडी हे फिल्म किती प्रकाश अडवते त्याचं माप), आजही आमची पहिली शिफारस आहे. चांदीसारखी चकचकीत, हात लावताच सळसळणारी ही पातळ शीट बघून तिच्यावर फारसा विश्वास बसत नाही. पण ८० ते १०० मिमी तोंडाच्या साध्या दुर्बिणीत जेवढी ताकद आहे, ती जवळजवळ सगळी ही फिल्म डोळ्यांपर्यंत पोचवते. अट एकच, ती नीट बसवलेली हवी. प्रतिमा मऊ दिसते, फोकस पक्का होत नाही, सूर्याभोवती प्रभा दिसते, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ फिल्ममध्ये नसून ती धरणाऱ्या, घरी केलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत असतं. 'सौरज्वाला (सूर्यावरचे अचानक होणारे ऊर्जेचे स्फोट) दिसत नाहीत' ही तक्रार मात्र वेगळी. ते या फिल्मचं कामच नाही, आणि हे खरेदीच्या आधीच माहीत असलेलं बरं.

आधी कोणती शीट घ्यायची ते पाहू, कारण इथली चूक थेट डोळ्यांवर येते. एकाच नावाखाली दोन फिल्म मिळतात. ओडी ५.० ही डोळ्यांनी पाहण्यासाठीची. ती सूर्याच्या प्रकाशाचा एक लाखावा भाग पुढे सोडते. ओडी ३.८ ही फक्त कॅमेऱ्यासाठीची. ती सुमारे १६ पट जास्त प्रकाश सोडते. उघड्या शीट शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक चटकन ओळखू येत नाही, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्यावी आणि चौकट तयार झाली की तिच्या कडेवर तोच आकडा कायमच्या शाईने लिहून ठेवावा. ३.८ च्या फिल्ममधून आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, डोळा लावायचा नाही, अगदी क्षणभरही नाही.

सुटी कापून, पाकिटाशिवाय विकली जाणारी फिल्म घेऊ नये. भेटवस्तूंचा चंदेरी कागद, आपत्कालीन ब्लँकेट, एक्स-रेची फिल्म यांतून सूर्य मंद दिसतो खरा, पण न दिसणारं अवरक्त किरणोत्सर्जन त्यांतून किती येतं याची काहीच खात्री नसते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे 'त्रास होत नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. ग्रहणाचे चष्मे, अगदी आयएसओ १२३१२-२ मानकाचेसुद्धा, फक्त उघड्या डोळ्यांसाठी आहेत. ते घालून दुर्बिणीत पाहिलं तर आयपीसमधून आलेला एकवटलेला प्रकाश त्यांना जाळून आत येतो. आयपीसला स्क्रूने लावायचा काळा 'सन' फिल्टर जुन्या दुर्बिणींबरोबर यायचा. तो तापून तडकतो. तसा हाती आला तर वापरू नका, कुणाला देऊही नका. फिल्टरची जागा दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्याआधी.

आता चौकट. ए४ आकाराची शीट साधारण २० × २९ सेंमीची असते. चिकटवण्यासाठी चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर सोडले तर १६० मिमीपर्यंतच्या दुर्बिणीचा एक फिल्टर तिच्यातून निघतो, किंवा ८० मिमीचे दोन आणि उरलेल्या पट्टीत फाइंडरचा (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचा) एक. द्विनेत्रीला करायचा असेल तर दोन्ही भिंगांना हवा, हे वेगळं सांगायला नको. २०० मिमीच्या दुर्बिणीला ए४ पुरत नाही. तिथे मोठी ५० × १०० सेंमीची शीट घ्यावी किंवा पूर्ण तोंड झाकणारं अपारदर्शक झाकण करून त्याला एका बाजूला ७० मिमीचं भोक पाडावं आणि तेवढ्यालाच फिल्म लावावी. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, हे भोक दुय्यम आरसा आणि त्याचे पाय टाळून मधल्या मोकळ्या जागेत येतं, त्यामुळे मध्ये अडथळा नसलेली स्वच्छ प्रतिमा मिळते. दिवसाच्या अस्थिर हवेत तीच पुष्कळदा पूर्ण तोंडाच्या प्रतिमेपेक्षा बरी दिसते. झाकण मात्र खरोखर अपारदर्शक हवं. पातळ पुठ्ठा उन्हात धरला की उजेड झिरपताना दिसतो; आतून ॲल्युमिनियम फॉइल आणि काळा कागद लावला की प्रश्न मिटतो.

चौकटीचे दोन भाग: नळीवर बसणारं कडं आणि फिल्म धरणाऱ्या दोन चकत्या. कड्यासाठी ६ ते ७ सेंमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी दुर्बिणीच्या नळीभोवती तीन-चार वेढे गुंडाळून प्रत्येक वेढ्याला गोंद लावावा. गुंडाळण्याआधी नळीवर साध्या कागदाचा एक वेढा ठेवावा, म्हणजे कडं वाळल्यावर निघेल आणि जेमतेम सरकेल एवढीच जागा राहील. कडं सैल झालं तर पुन्हा करावं, आतून कागदाचे तुकडे कोंबू नयेत. चकत्यांचं आतलं भोक दुर्बिणीच्या भिंगापेक्षा दोन-तीन मिमी मोठं ठेवावं, नाहीतर तेवढं तोंड उगाच कमी होतं.

फिल्म लावण्याची पायरी सगळ्यात नाजूक आणि तिथेच बहुतेकांचं बिघडतं. टेबल स्वच्छ पुसून त्यावर मऊ टिश्यू पसरा, त्यावर फिल्म नुसती ठेवा. ओढू नका, हाताने सपाट करू नका. एका चकतीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गोलाकार, तुकड्या-तुकड्यांत लावा आणि चकती वरून सरळ फिल्मवर सोडा. फिल्म चकतीवर आणायची नाही, चकती फिल्मवर न्यायची. मग उलटून दुसरी चकती वर चिकटवा, बाहेरची जादा फिल्म कापा आणि ही जोडी कड्यावर बसवा. फिल्मवर हलक्या लाटा दिसतील. त्या तशाच राहू द्या.

या लाटांची भीती लोकांना इतकी वाटते की ते फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणून बसवतात, आणि मग प्रतिमा बिघडते. कारण समजून घेतलं तर ही चूक होत नाही. फिल्मची जाडी सुमारे ०.०१२ मिमी, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. एवढ्या पातळ पदराच्या दोन्ही बाजू लाटेबरोबर एकत्रच वर-खाली होतात, त्यामुळे प्रकाशाचा मार्ग जवळजवळ बदलतच नाही. ताणल्यावर मात्र जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, पदरात ताणाच्या रेषा तयार होतात आणि प्रत्येक डागाला एका बाजूने पिसारा फुटल्यासारखा दिसतो. फोकस आत-बाहेर करूनही तो जात नसेल तर चौकट उघडून फिल्म सैल करावी. पाऊण तास खर्च होतो, पण प्रतिमा सुधारते.

प्रत्येक वेळी वापरण्याआधी फिल्टर दिव्यासमोर धरून बघावा. एखादं सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तर त्यावर काळ्या रंगाचा ठिपका द्यावा. अशा भोकाने कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो. भोकं बरीच दिसली, घडीची पांढरी रेघ उमटली किंवा लेप खरवडला गेला असेल तर ती शीट टाकून द्यावी. कडं नळीवर चढवल्यावर तीन बाजूंनी टेपच्या पट्ट्या लावाव्यात. वाऱ्याच्या झोताने किंवा कुतूहलाने पुढे आलेल्या मुलाच्या हाताने फिल्टर निघणं, हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोठा धोका आहे आणि तो तीन पट्ट्यांनी टळतो. फाइंडरला झाकण लावा किंवा तो काढूनच ठेवा. सूर्य शोधायला नळीची जमिनीवरची सावली पुरते: सावली आखडून अगदी लहान, गोल झाली की सूर्य आयपीसमध्ये आलाच.

प्रतिमा कशी दिसते? पांढरी, तटस्थ. ब्लॅक पॉलिमरच्या फिल्टरमधून दिसणारा नारिंगी सूर्य छायाचित्रात लोकांना आवडतो, पण निळसर-पांढऱ्या भागातले बारकावे तो खातो. सूर्याच्या कडेजवळ दिसणारे तेजस्वी ठिगळासारखे भाग, ज्यांना फॅक्युली म्हणतात, ते या पांढऱ्या प्रतिमेत बरेच ठळक येतात. बिंबाची कड मध्यभागापेक्षा मंद असते म्हणून ते तिथे उठून दिसतात. मध्यावर ते शोधत बसू नका.

पूर्ण बिंब बघायला ४० ते ६० पट पुरे. डागाच्या आत शिरायचं तर ८० ते १२०. सूर्याच्या व्यासात १०९ पृथ्व्या मावतात, म्हणजे पृथ्वीएवढा डाग आकाशात सुमारे १७ ते १८ कोनीय सेकंदांचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ५० पटीला तो अर्ध्या चंद्राएवढा रुंद दिसतो. मधला काळा भाग म्हणजे छाया आणि भोवतीची राखाडी किनार म्हणजे उपच्छाया, हे ६० मिमीच्या दुर्बिणीतही स्पष्ट वेगळे कळतात. १०० मिमीला आणि हवा शांत असेल तर उपच्छायेतले अरीय तंतू, छाया दुभंगणारा प्रकाशाचा पूल आणि उपच्छाया नसलेले बारीक ठिपके दिसू लागतात. काळा दिसतो म्हणून डाग थंडगार नसतो. छायेचं तापमान सुमारे ४,००० केल्विन आणि भोवतालचं सुमारे ५,८००. तिथलं हजारो गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकीय क्षेत्र खालून येणारा उकळता प्रवाह अडवतं, म्हणून तो भाग मंदावतो. हे चुंबकत्व अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून दाखवलं.

पार्श्वभूमीवरचा कणीदार पोत हीच फिल्मची आणि बसवणाऱ्याच्या हाताची खरी परीक्षा. हे कण म्हणजे खालून उसळणाऱ्या वायूचे हजार-दीड हजार किलोमीटरचे फुगवटे, आयुष्य आठ-दहा मिनिटांचं. सूर्यावर एक कोनीय सेकंद म्हणजे साधारण ७२५ किमी, आणि ८० मिमीच्या दुर्बिणीची सीमा जवळपास दीड सेकंद. म्हणजे कण अगदी सीमेवर आहेत. ते क्षणभर दिसतात, विरतात, पुन्हा दिसतात. अजिबातच दिसत नसतील तर फिल्मला दोष देण्याआधी वेळ बदलून बघा. जमीन तापायच्या आधीची सकाळ, सूर्य क्षितिजापासून वीसेक अंश वर चढल्यावरचा तास-दीड तास, सगळ्यात चांगला. दुर्बीण गवतावर ठेवा. काँक्रीट, पत्रे आणि डांबर यांच्यावरून येणारी हवा प्रतिमा उकळवते. फोकस बिंबाच्या कडेवर न करता उपच्छायेच्या बाहेरच्या किनारीवर करा.

५४० नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद हिरवा फिल्टर, बाडरचाच सोलर कंटिन्युअम, आयपीसला लावला की कणीदार पोत आणि उपच्छाया दोन्ही सुधारतात. दोन भिंगांच्या साध्या अपवर्तक दुर्बिणीत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण तिचा रंगदोष त्यातून निघून जातो. तो सौर फिल्टर नाही. पुढे फिल्म असल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य आणि धोका पूर्ण.

दररोज एकाच वेळी पाहण्याची सवय लावली तर फिल्मचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात. डाग एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला १३ ते १४ दिवस घेतो. नोंद ठेवायला स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ यांची रीत सोपी आहे: गटांची संख्या गुणिले दहा, अधिक एकूण डाग. तीन गटांत मिळून १४ डाग असतील तर ४४. एकच एकटा डाग असेल तर ११. ब्रुसेल्समधलं सिल्सो केंद्र जगभरच्या निरीक्षकांचे असे आकडे एकत्र करून आंतरराष्ट्रीय सौरडाग अंक काढतं; आपला आकडा त्यापेक्षा कमी आला तरी हरकत नाही, रोजचा आयपीस आणि पट बदलू नये एवढंच.

आता सौरज्वालांचं. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाचा सौरडागांचा गट पृथ्वीच्या सुमारे १५ पट लांबीपर्यंत पसरला होता. ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय दिसेल एवढा. एकाच उपच्छायेत दाटीवाटीने बसलेल्या अनेक छाया, रोज बदलणारी बाह्यरेषा, हे सगळं या फिल्ममधून उत्तम दिसण्यासारखं होतं. त्याच गटातून १४ मे रोजी एक्स८.७ वर्गाची, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातली, ज्वाला उसळली. पण अशी ज्वाला पांढऱ्या प्रकाशात जवळजवळ दिसत नाही, कारण तिचं तेज मुख्यतः वर्णगोल आणि किरीट या सूर्याच्या बाहेरच्या थरांतून, हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा ठरावीक लाल रंग), अतिनील आणि क्ष-किरणांत येतं, आणि खालच्या पृष्ठभागाचा लखलखाट तिला गिळून टाकतो. रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या इंग्रज निरीक्षकांनी १ सप्टेंबर १८५९ रोजी पांढऱ्या प्रकाशात ज्वाला पाहिली. ती असामान्य ताकदीची होती, आणि तिचा पांढरा लखलखाट पाचेक मिनिटांतच ओसरला. या फिल्ममधून अशी संधी आयुष्यात एखाद वेळी मिळू शकेल. त्या आशेवर ती घेऊ नका.

ज्वाला बघायच्या तर ६५६.२८ नॅनोमीटरवर एक अँगस्ट्रॉमपेक्षा (नॅनोमीटरच्या दहाव्या भागापेक्षा) अरुंद पट्टा सोडणारी हायड्रोजन-अल्फा दुर्बीण लागते. तो वेगळाच, कितीतरी महाग प्रकार आहे. त्याआधी एक फुकटची सोय वापरून बघावी: अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागर संस्थेचं स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर. तिथल्या गोज उपग्रहांच्या क्ष-किरण आलेखात लांब तरंगलांबीची, म्हणजे १ ते ८ अँगस्ट्रॉमची रेषा बघायची. वर्ग तिच्यावरून ठरतो. ए, बी, सी, एम, एक्स, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एक्स१ म्हणजे दर चौरस मीटरला १०⁻⁴ वॅट. रेषा काही मिनिटांत सरळ वर जाते आणि सावकाश उतरते. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, हे विसरल्यामुळे पुष्कळांची नोंद चुकते. विषुवदिनांच्या आसपास काही आठवडे रेषा रोज ठरावीक वेळी एकदम कोसळलेली दिसते. तेव्हा सूर्याला काही झालेलं नसतं; उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेलेला असतो.

त्याच ठिकाणी पुढच्या ३ दिवसांचा अंदाज टक्क्यांत मिळतो: आर१ ते आर२ रेडिओ अडथळा, म्हणजे एम वर्गाची ज्वाला, आणि आर३ किंवा जास्त, म्हणजे एक्स वर्गाची. ही सेवा चांगली आहे, पण अंदाज ज्वालेची वेळ सांगत नाही, हे समजून वापरावी. फिल्मशी तिची जोडी छान जमते. सकाळी दुर्बिणीत गुंतागुंतीचा गट दिसला की नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक उपग्रहाच्या एचएमआय उपकरणाचा चुंबकीय नकाशा उघडा. एकाच उपच्छायेत काळा आणि पांढरा, म्हणजे विरुद्ध ध्रुव, एकमेकांना खेटून असतील तर तो डेल्टा प्रकार. मोठ्या ज्वाला बहुतेक अशाच गटांतून येतात. ध्रुव फिल्ममधून कधीच कळणार नाहीत, पण कुठे बघायचं हे तिच्यामुळे कळतं.

हर्शेल वेज या दुसऱ्या सौर उपकरणाशी तुलना नेहमी विचारली जाते. वेज काचेच्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित करून घेतो, बाकीचा मागे टाकतो आणि मग आणखी एका गडद फिल्टरमधून दाखवतो. कॉन्ट्रास्ट फिल्मपेक्षा सरस, कडेजवळचं आकाश अधिक काळं. पण तो फक्त अपवर्तक दुर्बिणीलाच चालतो. आरशाच्या दुर्बिणीत पूर्ण, न गाळलेला सूर्य आतल्या दुय्यम आरशावर एकवटतो आणि दुर्बिणीची हानी होते. १०० मिमीची चांगली अपवर्तक असेल आणि सूर्य रोज बघणार असाल तर वेजचा विचार करावा. बाकी सगळ्यांना फिल्म.

छायाचित्रासाठी ओडी ५ च्या फिल्मबरोबर आयएसओ १००, एफ/८ ला १/४०० सेकंदापासून सुरुवात करावी आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पायऱ्या घ्याव्यात. बिंबाचा मध्य जळू द्यायचा नाही, उपच्छाया तिथेच हरवते. सेन्सरवर सूर्याचा आकार नाभीय अंतर भागिले १०९ एवढा येतो. ९०० मिमीला सव्वाआठ मिमी. मोबाइल आयपीसवर धरणार असाल तर आधी डागावर फोकस लॉक करा आणि मग एक्सपोजर हाताने खाली ओढा.

काम झाल्यावर फिल्टर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, फिल्मला काही टेकणार नाही असा ठेवावा. धूळ हवेच्या फुग्याने उडवावी. कापडाने पुसू नये, पाणी किंवा द्रावण लावू नये. पुठ्ठ्याची चौकट दमट हवेत वाकते आणि वाकली की फिल्म ताणली जाते, म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा काढाल तेव्हा टेपच्या कडा आणि चकत्यांचा सपाटपणा दोन्ही तपासा, आणि शंका आली तर शीटचा उरलेला तुकडा वापरून नवा फिल्टर करा.